लाकडाची धूळ आणि कायद्याबाहेरचा कारागीर

मध्य प्रदेशातील मराठीभाषक पांढुर्णा-सौंसर परिसराचा ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री आणि कापूस ही त्याची ओळख. सातपुड्याचे सागवानही जवळचेच. ते कापणाऱ्या, घासणाऱ्या कारागिरांच्या आरोग्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवली. नाक, सायनस आणि नाकामागील घशाच्या कर्करोगाबाबत पुरावा निर्णायक आहे. फुप्फुसांबाबत तो तितका ठाम नाही. धूम्रपानाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. पण ही अनिश्चितता निष्काळजीपणाची सबब होऊ शकत नाही. या धुळीने दमाही जडतो. युरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमवर आणली.

आपल्याकडे खरा प्रश्न कायद्याच्या कक्षेचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची केंद्रीय कायद्यातील अट १० वरून २० झाली. चार-पाच जणांची सुतारशाळा आधीही बाहेर होती. आता कुंपणच आणखी आत सरकले. ही संहिता गोव्यालाही लागू आहे.

उपाय अवघड नाहीत: यंत्रालाच धूळशोषक जोडणे, झाडूऐवजी ओल्या फडक्याने सफाई, योग्य मास्क. छोट्या कारागिराला त्यासाठी शासनाने अनुदान द्यावे. आणि डॉक्टरांनी रुग्णाला विडीबरोबर त्याचा धंदाही विचारावा.