सॉसेज आणि सिगरेट एकाच गटात?



गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय नेहमीचाच, तुमच्याही शाळेत कधी ना कधी येऊन गेलेला : ‘मांसाहार श्रेष्ठ की शाकाहार?’ एका मुलीने टेबलावर हात आपटून सांगितले, “जागतिक आरोग्य संघटनेने मांसाला सिगरेटच्या पंगतीला बसवले आहे!” टाळ्या पडल्या. मग विरुद्ध बाजूचा मुलगा उठला. “मटण खाल्ल्याशिवाय अंगात रक्तच भरत नाही,” तो म्हणाला. पुन्हा टाळ्या. मला मात्र दोघांचेही गुण कापावेसे वाटले. दोघांच्या बोलण्यात काहीतरी खरे होते, पण ‘कोणते?’ आणि ‘किती?’ हे प्रश्न कोणाच्या मनातही आले नव्हते.

आधी त्या मुलीचे म्हणणे घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील लियाँ शहरात आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे १० देशांतील २२ तज्ज्ञ जमले आणि त्यांनी शेकडो अभ्यास तपासले. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन असे खारवून, धुरी देऊन किंवा रसायने घालून टिकवलेले मांस त्यांनी पहिल्या गटात टाकले. या गटात तंबाखू आहे हे खरे. ताजे लाल मांस, म्हणजे गाय, डुक्कर, मेंढी, बोकड यांचे, त्याखालच्या गटात गेले. त्याने कर्करोग ‘बहुधा’ होतो, असा या गटाचा अर्थ. कोंबडी आणि मासळी लाल मांसात धरत नाहीत.

आता हे गट कसले? पुरावा किती पक्का आहे, याचे. धोका किती मोठा आहे, हे त्यांवरून कळत नाही. खिसेकापू आणि खुनी या दोघांवरचे आरोप न्यायालयात सिद्ध होऊ शकतात, म्हणून दोघांना कोणी एकच शिक्षा देत नाही. याच संस्थेने तेव्हा पुढे ठेवलेले अंदाज पाहा : टिकवलेले मांस फार खाण्यामुळे जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगाचे मृत्यू, आणि तंबाखूमुळे सुमारे १० लाख!

रोज ५० ग्रॅम टिकवलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असेही तज्ज्ञांनी सांगितले. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला! पण वही घ्या आणि गणित करा. समजा, एखाद्या देशात १०० माणसांपैकी ५ जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. ५ चे १८ टक्के म्हणजे ०.९. ती शंभर माणसे रोज सॉसेज खाऊ लागली, तर ५ चे जवळजवळ ६ होतील. त्या सहाव्या माणसाच्या घरच्यांना ही वाढ लहान वाटणार नाही, हे मी विसरलेलो नाही. पण ‘मांस खाल्ले की कर्करोग’ हे विधान या गणितातून निघत नाही.

शिवाय कोणते मांस आणि कसे शिजवलेले, यानेही फरक पडतो. टिकवण्यासाठी घातलेल्या नायट्राइटपासून पोटात घातक संयुगे बनू शकतात. जाळावर करपवलेल्या मांसातही तशी काही द्रव्ये तयार होतात. आपला मटणाचा रस्सा पाण्यात शिजतो. उकळत्या पाण्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही, म्हणून ती द्रव्ये त्यात फार थोडी होतात. गोव्याचे चोरीस मात्र टिकवलेल्या मांसातच धरावे लागेल, गोवेकरांनी रागावू नये! आणि प्रमाणाचे म्हणाल, तर अमेरिकेत दरडोई वर्षाला शंभर किलोंहून अधिक मांस लागते. आपल्या देशात ते दहा किलोंच्याही खाली आहे.

आता त्या मुलाकडे वळू. मांसातील लोह शरीरात भाजीतील लोहापेक्षा सहज शोषले जाते, हे त्याचे बरोबर. ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट तर अधिकच नवलाची. पूर्वी रक्तक्षयाचा एक प्रकार हमखास प्राण घेत असे. १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा ४५ रोग्यांना रोज भरपूर कलेजी खायला घातली आणि मरणाच्या दारातील माणसे उठून बसली. १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. कलेजीतील ते गुणकारी द्रव्य म्हणजे ब-१२, हे १९४८ मध्ये कळले. कोणतीही वनस्पती ते बनवत नाही; ते बनवतात जिवाणू. ते मांस, मासळी, अंडी यांतून मिळते आणि दूध-दह्यातूनही मिळते. म्हणजे मुलाचे ‘मटणाशिवाय रक्त नाही’ हेही टिकत नाही.

पण हे दूध-दही तरी सर्वांना पुरेसे मिळते का? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याला आहाराखेरीज इतरही कारणे असतात. तरीही हा आकडा ऐकून त्या सभागृहातील मुलींकडे पाहिले, तर काय दिसते?

म्हणून माझे मत असे : शहरांतल्या घरी फ्रिजमध्ये येऊ लागलेल्या सॉसेज-सलामीला रोजचे पाहुणे करू नका. पण ज्या घरात आठवड्यातून एकदा मटण किंवा अंडी होतात, तेथील मुलामुलींना १८ टक्क्यांची भीती घालणे मला चुकीचे वाटते. आपल्याकडे जास्त खाण्यापेक्षा कमी मिळण्याने अधिक नुकसान होते आहे. जे मांस-अंडी खात नाहीत, त्यांनी दूध-दही सोडू नये. तेही घेत नसल्यास डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घ्यावी. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र त्याला अडवतो, म्हणून तो तासभर लांबवावा.

स्पर्धा संपल्यावर आम्हा सर्वांना पोहे मिळाले आणि लगेच कपभर चहा. पोह्यांवर लिंबू होते, एवढे बरे.