पिट लेनमध्ये ८०, मग मार्शलपाशी का नाही?

१. फॉर्म्युला वनमध्ये पिट लेनची वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर असते, मोनॅकोसारख्या अरुंद जागी ६०. चालक स्टिअरिंगवरचं बटण दाबतो आणि गाडी त्यापुढे पळतच नाही. जरा वेग वाढला तरी दंड, कारण तिथे मेकॅनिक उघड्यावर उभे असतात. वाळूत रुतलेली गाडी ओढणारा मार्शलही उघड्यावरच असतो. पण त्याच्या वाट्याला आकडा नाही, फक्त झेंडा. एक पिवळा हलला तर वेग कमी करा. दोन हलले तर बराच कमी करा, थांबायच्या तयारीत राहा. ‘बराच’ म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं!

२. त्याचा परिणाम ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमध्ये सुझुकाला दिसला. पाऊस होता, उजेड मावळत चालला होता. डनलॉप वळणावर आड्रियन सुटिलची सौबर घसरून भिंतीवर आदळली. ती उचलायला क्रेन आली, दोन पिवळे झेंडे हलत होते. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकीची मारुसिया तिथेच सुटली आणि ताशी १२६ किलोमीटरने क्रेनवर धडकली. गाडी ७०० किलोची, क्रेन ६,५०० किलोची. बियांकी शुद्धीवर आलाच नाही. १७ जुलै २०१५ ला, पंचविशीत, तो गेला. ताबा राहील इतका वेग त्याने कमी केला नव्हता, असं एफआयए या खेळाच्या नियामक संस्थेच्या चौकशी समितीने म्हटलं. असेल. पण क्रेनभोवती मार्शल उभे होते आणि ते वाचले, ही नशिबाची गोष्ट. त्याचं श्रेय कुठल्याच नियमाला देता येणार नाही.

३. चालकाच्या विवेकावर सोडलं की काय होतं, ते २०१९ च्या मेक्सिको पात्रता फेरीत दिसलं. व्हाल्टेरी बोटासची गाडी शेवटच्या वळणानंतर आदळलेली होती. मॅक्स व्हर्स्टॅपन तिथून वेग न सोडता गेला, वर वेळही सुधारली. पत्रकार परिषदेत त्याने हे स्वतःच सांगून टाकलं, त्यानंतर शिक्षा झाली: तीन जागा मागे. पोल, म्हणजे सर्वांत पुढची जागा, गेली. तो बोललाच नसता तर? मला त्याचा राग येत नाही. दशांश सेकंदांच्या स्पर्धेत जो पाय उचलेल तो मागे पडणार, अशी रचना आपणच करून ठेवली आहे.

४. उपाय हाताशी आहे. बियांकीच्या अपघातानंतर २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. तिच्यात सगळ्यांना सारखंच हळू जावं लागतं, त्यामुळे कुरकुर कमी. पण ती रेस कंट्रोलने लावली तरच लागते. नुसत्या पिवळ्या झेंड्यांखाली कारभार जुनाच. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ट्रॅकचा तेवढाच तुकडा ‘स्लो झोन’ ठरवतात आणि तिथे ताशी ८० ची मर्यादा पाळावी लागते. मार्शल ट्रॅकलगत काम करत असेल तिथे हीच पद्धत फॉर्म्युला वनने सक्तीची करावी.

५. आक्षेप असा की ३०० च्या वेगातली गाडी एकदम ८० वर आली तर मागचा आदळेल. बरोबर, म्हणून आधीच्या टप्प्यावर इशारा हवा. टायर थंड पडतात ही तक्रार मात्र मी ऐकून सोडून देतो.

६. शिस्त फक्त चालकाला नको. २०२२ मध्ये सुझुकालाच, पावसात, कार्लोस साइंझची आदळलेली गाडी काढायला रेस कंट्रोलने क्रेन ट्रॅकवर सोडली, आणि सेफ्टी कारमागची रांग गाठायला निघालेला पिएर गासली तिच्या शेजारून गेला. शर्यत थांबवणाऱ्या लाल झेंड्याखाली ताशी २५१ पर्यंत वेग नेल्याबद्दल त्याला २० सेकंदांचा दंड झाला, तो योग्यच. पण क्रेन त्याने बोलावली नव्हती. पावसात शेवटची गाडी रांगेत लागल्याशिवाय, किंवा शर्यत थांबवून सगळ्या गाड्या पिटमध्ये आल्याशिवाय, कुठलंही जड वाहन आत सोडू नये. सोडलं, तर सोडणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी चालकाच्या चौकशीइतकीच जाहीर व्हावी.