गाळात मुरलेले विष

आषाढी जवळ आली की इंद्रायणीवरील फेसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, पाहणीचे आदेश सुटतात आणि पालख्या पंढरपुरी पोचेपर्यंत प्रकरण मिटते. फेस डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. नदीच्या तळाशी जे साचते ते कोणाला दिसत नाही.

पिंपरी, भोसरी व चाकण येथील मोटार-उद्योगाभोवती सुट्या भागांवर मुलामा चढविणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे पसरले आहे. क्रोमियम, निकेल, जस्त यांच्या द्रावणाच्या हौदात भाग बुडवायचा, मग पाण्याने धुवायचा, असे हे काम. धुण्याच्या पाण्याबरोबर धातू बाहेर पडतो. सांडपाण्यातील सेंद्रिय मळ जंतू खाऊन टाकतात. धातू कुजत नाही, नाहीसा होत नाही. तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि प्रवाह संथ झाला की तळाशी बसतो. वरचे पाणी त्यामुळे तपासणीत निर्दोषही ठरू शकते. पुढे तळातील प्राणवायू घटला, आम्लता वाढली वा गाळ उपसला, की हाच धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतो.

ठाण्याच्या खाडीत असा गाळ तिवरांच्या मुळांशी अडतो. घाटावर तिवरे नाहीत. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला. आणि हे सारे पाणी थबकते ते 1980 मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणात. तिवरांचे काम येथे धरण करते. याच धरणाचे पाणी सोलापूर शहर पिते, याच जलाशयावर इंदापूर-करमाळ्याचे मच्छीमार जगतात.

राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. कोरडवाहू शेतकऱ्याला गाळ हवाच असतो, आणि योजनेचा हेतू चांगलाच आहे. परंतु कारखानदारी पट्ट्याखालचा गाळ आणि डोंगराळ खेड्यातील पाझर तलावाचा गाळ एकाच मापाने मोजता येत नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातखाचरांत उतरले आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाचे मूळ त्यातच असल्याचे तेथील सरकारने 1968 मध्ये मान्य केले, तोवर कित्येक बायाबापड्यांची हाडे पिचून गेली होती. भीमाखोऱ्यावर तोच प्रसंग आला आहे असा याचा अर्थ नव्हे. तपासणी रोगाआधी व्हावी, एवढाच आहे.

हा धातू नदीत जाण्यापूर्वी कामगाराच्या अंगावरून जातो, हे पर्यावरणाच्या चर्चेत सोयीस्करपणे विसरले जाते. षट्संयुजी क्रोमियमच्या तुषारांनी हाताला न भरणाऱ्या जखमा होतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा व्रण नोंदवण्याजोगा रोग होता. पण विजेवर चालणाऱ्या जागी दहापेक्षा कमी माणसे असली की मूळ कायद्याने तो कारखानाच नव्हता, आणि 2020 च्या संहितेने ही मर्यादा वीसवर नेली. शेडमध्ये हौदावर उभा असलेला ठेक्याचा कामगार मग कोणाच्या वहीत नोंदला जाणार?

पवनेचे स्वच्छ पाणी बंद नळाने शहराला नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. वरचे पाणी मागताना एवढी घाई करणारी नगरी खालच्यांना काय परत देते, हा प्रश्न त्यामुळेच अधिक बोचतो. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनांत पदपथ आहेत, दिवे आहेत.

1970 मध्ये स्थापन झालेले राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे आकडे प्रसिद्ध करते. गाळाच्या आकड्यांनाही तोच नियम हवा: प्रत्येक नाल्याच्या मुखाशी, संगमावर आणि उजनीच्या फुगवट्यात, पावसाळ्याच्या आधी व नंतर. ते आकडे ग्रामपंचायतींच्या फलकांवर मराठीत लागावेत. आणि शुद्धीकरणाचा खर्च केवळ मुलामावाल्या लहान मालकावर लोटून चालणार नाही. त्याच्याकडून पडेल भावाने काम करून घेणाऱ्या मोठ्या मोटार-कंपन्यांकडून तो ठेक्याच्या दरातच वसूल व्हावा.