लहान मुलांचे बूट व पालकांचा पैसा

जून महिना उगवला कीं आपल्याकडील बहुतेक घरांत जो हिशेब मांडला जातो, त्यांत फी, पुस्तकें, वह्या, गणवेश व दप्तर यांच्यामागून अगदीं शेवटीं बुटांची पाळी येते. शेवटीं येते म्हणून ती रक्कम लहान असते असें मात्र नव्हे. रोजच्या वापराचा काळा जोड, कवायतीच्या दिवसासाठीं पांढरा कॅनव्हासचा जोड, आणि दोहोंचे निराळे पायमोजे, असा आमच्या व आमच्यासारख्या अनेक शाळांचा नियम आहे. समजा, काळा जोड ७०० रुपयांचा व पांढरा ४०० रुपयांचा धरला, तर एका मुलामागें ११०० रुपये झाले. घरांत दोन मुलें असल्यास २२०० रुपये. मासिक पगाराच्या माणसासहि हा आंकडा जाणवतो. ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याच्या घरीं तर हे पैसे आठवड्याच्या धान्यांतून काढावे लागतात. इतकें करूनहि पुढील जूनमध्यें ते बूट मुलाच्या पायांत शिरत नाहींत. मूल वाढलें याचा आनंद मानावा कीं बूट वायां गेले याचें दु:ख करावें, अशी आईबापांची स्थिति होते.

इस्राएल लोक चाळीस वर्षें अरण्यांत फिरत असतां त्यांच्या पायांतील पायतणें झिजलीं नाहींत, असें अनुवादाच्या पुस्तकांत सांगितलें आहे. त्या चाळीस वर्षांत जीं मुलें लहानाचीं मोठीं झालीं, त्यांना तीं पायतणें पुरलीं कशीं, असा प्रश्न एका विद्यार्थिनीनें मला वर्गांत विचारला होता. प्रश्न चांगला होता, व त्याचें उत्तर मजपाशीं अद्यापि नाहीं.

बूट महाग झाले, ही तक्रार पालकांच्या तोंडून मी दरवर्षीं ऐकतों, व ती खरी आहे. परंतु माझी तक्रार निराळी आहे. आपण हे बूट चुकीच्या महिन्यांत घेतों, चुकीच्या मापाचे घेतों, आणि अगदीं लहान मुलांच्या बाबतींत तर बहुधा चुकीच्या प्रकारचे घेतों. यांत पालकांचा दोष थोडा असून शाळेच्या नियमाचा अधिक आहे. शाळेच्या वार्षिकांत शाळेच्या नियमाविरुद्ध लिहावें हें कांहींना रुचणार नाहीं. पण जी गोष्ट पालकांच्या सभेंत दबक्या आवाजांत बोलली जाते ती येथें उघडपणें लिहिलेली बरी.

प्रथम पायाविषयीं. मोठ्या माणसाच्या एका पावलांत २६ हाडें असतात. लहान मुलाच्या पावलांत त्यांपैकीं पुष्कळसा भाग अद्यापि कूर्चेचा, म्हणजे मऊ व लवचिक असतो. तो पूर्णपणें कठीण होण्यास वयाचीं सोळाअठरा वर्षें लोटावीं लागतात. या मऊपणामुळें एक घोटाळा होतो. घट्ट बूट आपल्या पायांस लागला तर आपण दुकानांतच ओरडतों. मुलाचें पाऊल मात्र मुकाट्यानें दबतें, बोटें आंत वळतात, आणि मूल कांहींच बोलत नाहीं. “लागतो कां रे?” असें आई विचारते, आणि नव्या बुटाच्या चकाकीनें हरखलेला बाळ “नाहीं” म्हणून मान हालवितो. त्या “नाहीं”वर विश्वास ठेवून आपण पैसे मोजतों.

या बाबतींत आपल्याच देशांत झालेलें एक संशोधन पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. कस्तुरबा मेडिकल कॉलेजांतील राव व जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनीं चार ते तेरा वर्षें वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून आपले निष्कर्ष १९९२ सालीं प्रसिद्ध केले. पादत्राणें वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचें प्रमाण शेंकडा ८.६ आढळलें, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत तें केवळ शेंकडा २.८ होतें. त्यांतहि पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत तें अधिक, आणि सँडल किंवा सपाता घालणाऱ्यांत कमी. तळव्याची कमान घडण्यावर सहा वर्षांच्या आंतील पादत्राणांचा परिणाम विशेष होतो, असा त्यांच्या सांगण्याचा रोंख होता. सपाट तळवा म्हणजे रोग नव्हे, व पुष्कळ मुलांना त्यापासून कांहीं त्रास होत नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. उगीच कोणी घाबरून डॉक्टरांकडे धांवूं नये. तथापि शिशुवर्गांतील व पहिली-दुसरीच्या मुलांस सकाळपासून दुपारपर्यंत बंद बुटांत कोंडून ठेवण्याचें समर्थन शरीरशास्त्राच्या आधारें करतां येणार नाहीं, इतकें यावरून खास दिसतें.

मग मुलांस अनवाणीच शाळेंत धाडावें कीं काय? नाहीं. ओल्या मातींतील अंकुशकृमि पायाच्या कातडींतून शरीरांत शिरतो व मुलाचें रक्त शोषून त्यास फिकें व सुस्त करतो. अमेरिकेच्या दक्षिण भागांत १९०९ ते १९१४ या कालांत या कृमीविरुद्ध जी मोठी मोहीम झाली, तींत शौचकूपांइतकाच पायतणांचाहि आग्रह धरण्यांत आला होता. शिवाय आपल्या रस्त्यांवरील कांचा, खिळे व एप्रिल महिन्यांतील तापलेलें डांबर आहेच. पायाखालीं चांगला तळ पाहिजे, टाचेमागें पट्टा पाहिजे. पण म्हणून संपूर्ण पाऊल पेटींत घालावयास पाहिजे असें ठरत नाहीं.

आतां महिन्याविषयीं. आपल्या शाळा जूनमध्यें उघडतात, आणि त्याच सुमारास पाऊस उघडायचा बंद होतो! बूटखरेदीस याहून वाईट मुहूर्त शोधून सांपडणार नाहीं. पहिल्याच आठवड्यांत नवा बूट भिजतो. रेक्झिनचा असेल तर आंतील पाणी बाहेर येत नाहीं, चामड्याचा असेल तर तो कडक होऊन तडकतो, आणि कोणताहि असला तरी एका रात्रींत वाळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मूल तोच दमट बूट व तोच ओलसर पायमोजा चढवून येतें. जुलै महिन्यांत प्रार्थनेच्या वेळीं रांगेंतून फिरावें, म्हणजे कित्येक मुलें एका पायाने दुसरा पाय खाजवितांना दिसतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. कांहीं हुशार मुलें टांच चेपून बुटाची चप्पल करून टाकतात, व त्याबद्दल शिक्षकांचीं बोलणीं खातात. मला त्या मुलांचें पायापुरतें शहाणपण पटतें. दिवाळीच्या सुट्टीनंतर जेव्हां खरोखर बंद बूट घालण्याजोगी कोरडी व थंड हवा सुरू होते, तेव्हां जूनमधील बूट फुगून, उसवून व आंखूड होऊन बसलेला असतो.

मापाची कथा तर याहून मौजेची आहे. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मापांत एका नंबराचें अंतर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारें साडेआठ मिलिमीटर. शाळेंत नुकत्याच जाऊं लागलेल्या मुलाचें पाऊल वर्षांत एक सेंटिमीटर किंवा किंचित् अधिक वाढतें. पुढें हा वेग थोडा मंदावतो. याचा अर्थ दरसाल सुमारें एक नंबर जातोच. उभ्या मुलाच्या सर्वांत लांब बोटापुढें बुटांत एक ते सव्वा सेंटिमीटर जागा असावी, एवढी मोकळीक योग्य समजली जाते. काटकसरी पालक मात्र “दोन वर्षें जातील” म्हणून आणखी दोन नंबर मोठा बूट घेतात. मग पुढें जवळजवळ तीन सेंटिमीटर पोकळी राहते. तींत कापूस किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबतात. मूल पाय घासत चालतें, बोटांनीं बूट पकडून ठेवण्याची धडपड करतें, व जिन्यावर पडतें. अशा रीतीनें तो बूट पहिलें वर्षभर मोठा होतो; आणि ज्या दिवशीं तो मापाचा होतो त्या दिवशीं त्याचा तळ फाटलेला असतो. यांत बचत कोणती झाली हें मला गणिताचा शिक्षक असूनहि समजलेलें नाहीं.

माप घेणें ही कला आपण दुकानदाराच्या खोक्यांवर सोंपविली आहे. पूर्वीं मोची कागदावर पाऊल उभें करून भोंवतीं रेघ ओढीत असे, आणि त्या रेघेस बूट जुळवीत असे. विल्यम केरी हे श्रीरामपूरचे मिशनरी १७९३ सालीं हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं जोडे शिवण्याचाच धंदा करीत. १८०५ सालीं मराठी भाषेचें छापील व्याकरण प्रसिद्ध केलें तेंहि त्यांनींच. व्याकरण शिकविणाऱ्यांनीं त्या धंद्याकडून एवढें तरी उचलावें. घरीं सायंकाळच्या वेळीं, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतां, मुलास पायमोजे घालून कागदावर उभें करावें, दोन्ही पावलांभोंवतीं पेन्सिल उभी धरून रेघ ओढावी, व जें पाऊल मोठें असेल त्याचें माप खरें मानावें. तो कागद कापून दुकानांत न्यावा. बुटाच्या आंत तो न दुमडतां बसला पाहिजे, आणि पुढें बोटभर जागा राहिली पाहिजे. बूट हातांत घेऊन वांकवावा. बोटें जेथें वांकतात तेथें तो वांकला तर ठीक, मधोमध मोडला किंवा मुळींच वांकला नाहीं तर परत ठेवावा.

या कसोट्यांत किंमत कोठें आली नाहीं हें वाचकांनीं पाहिलें असेलच. महाग बूट टिकाऊ असेल, पण मुलाच्या बुटाचें आयुष्य तळाच्या झिजेनें ठरत नसून पावलाच्या वाढीनें ठरतें. दहा महिन्यांत आंखूड होणाऱ्या बुटास तीन वर्षांचा टिकाऊपणा विकत घेणें म्हणजे भाड्याच्या खोलीस संगमरवरी फरशी बसविणें होय.

सरकारानेंहि या खर्चाकडे थोडेंफार लक्ष दिलें आहे. पादत्राणांवरील वस्तु व सेवा कर १ जानेवारी २०२२ पासून स्वस्त जोडांवर शेंकडा ५ चा १२ झाला होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर तो पुन: शेंकडा ५ करण्यांत आला. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांस एक जोड बूट व दोन जोड पायमोजे देण्याचें महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ठरविलें, व त्यासाठीं दर मुलामागें १७० रुपये मंजूर केले. हेतु स्तुत्य आहे. पण १७० रुपयांत पायमोज्यांसह कसला बूट येतो हें ज्यानें बाजार पाहिला आहे त्यानेंच ठरवावें.

शिस्तीचा आक्षेप येणारच. सर्व मुलें एकसारखीं दिसावींत, गरीब-श्रीमंत हा भेद शाळेच्या आवारांत दिसूं नये, म्हणून गणवेश. आणि बूट हा गणवेशाचाच भाग, असें म्हणतात. हेतूशीं मी पूर्णपणें सहमत आहें. परंतु प्रत्यक्षांत काय होतें? सदरा धुतला कीं जुना सदराहि नव्यासारखा दिसतो. बुटाचें तसें नाहीं. पुढून तोंड उघडलेला, थोरल्या भावाच्या पायाचा वांकडेपणा घेतलेला बूट रांगेंत दुरून ओळखूं येतो, व ज्या मुलास तो घालावा लागतो तें मूल पाय बाकाखालीं ओढून बसतें. भेद झांकण्यासाठीं केलेला नियमच येथें भेद उघडा पाडतो. जोडाभर वहाणांसाठीं गरिबास विकणाऱ्यांचा आमोस संदेष्ट्यानें केलेला धिक्कार आपण उपासनेंत वाचतों; बूट नाहींत म्हणून लहान मुलास फाटकापाशीं उभें करतांना त्या अध्यायाची आठवण व्हावयास हरकत नाहीं.

म्हणून शाळेच्या चालकांपुढें माझें म्हणणें असें आहे. दुसरीपर्यंतच्या मुलांस वर्षभर टाचेमागें पट्टा असलेले काळे किंवा तपकिरी सँडल चालावेत. वरच्या वर्गांस जूनपासून दिवाळीपर्यंत तीच मोकळीक असावी. त्यानंतर एकच काळा कॅनव्हासचा जोड रोजच्यासाठीं व कवायतीसाठींहि पुरे समजावा. पांढऱ्या बुटावर खडूचा लेप देण्यांत जी सकाळ जाते ती पाठांतरास मिळेल. तीनएकशें रुपयांचे सँडल, जे घरींहि वापरतां येतात, आणि ४०० रुपयांचा कॅनव्हास, असे ७०० रुपये होतात. ११०० होत नाहींत. शिवाय दिवाळीनंतर बरोबर मापाचा घेतलेला बूट परीक्षेपर्यंत पायांत राहतो व पुढें थोडी जागाहि उरते. जे बूट न झिजतां आंखूड झाले असतील ते धुवून शाळेंत आणून द्यावेत, आणि टांच एका बाजूस झिजलेली नाहीं असें पाहून ज्यास हवे असतील त्यास मुकाट्यानें न्यावेत, अशी एक फळी शिक्षकांच्या खोलींत सहज ठेवतां येईल. तीस दानपेटी म्हणूं नये. थोरल्या भावंडांचे बूट धाकट्यांस जातात तितकीच ती साधी बाब राहावी.

पालकांपैकीं ज्यांस हें पटत असेल त्यांनीं तसें पत्र मुख्याध्यापकांस लिहावें. पटत नसेल त्यांनींहि लिहावें. माप घेण्याचें काम मात्र नियम बदलण्याची वाट न पाहतां सुरू करतां येईल. सेंटिमीटरांच्या खुणा केलेली एक लांकडी पट्टी माझ्या वर्गांत दाराशेजारीं जमिनीवर बसविली आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर कोणत्याहि वर्गाच्या मुलास घेऊन यावें. येतांना त्याचे सध्यांचे बूट पायांत असूं द्यावेत.