हिऱ्याची नोंद आणि विक्रेत्याचा शब्द

हिऱ्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या विश्वासावर चालत आला आहे. जांगडीवर दिलेल्या मालाला एक चिठ्ठी पुरेशी होत असे; कारण देणारा आणि घेणारा परस्परांची पेढी ओळखत असत. ऑनलाइन बाजारात ही ओळख उरत नाही. नागपूरच्या ग्राहकाने मुंबईतील सराफाच्या संकेतस्थळावरून अंगठी मागवली, तर त्याच्यासमोर केवळ छायाचित्र, वर्णन आणि किंमत असते. ही उणीव भरून काढण्यासाठी आता ‘ब्लॉकचेनने पडताळलेला हिरा’ असे शब्द वापरले जातात. त्यांच्यामुळे विक्रेत्यावर कोणती जबाबदारी येते, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घ्यावयास हवे.

ब्लॉकचेन म्हणजे एक सामाईक वही. तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीशी गणिताने बांधलेली असते; म्हणून मागील पान गुपचूप बदलता येत नाही. डी बीअर्सने 2018 मध्ये पुढे आणलेली आणि 2022 पासून मोठ्या प्रमाणावर वापरलेली ‘ट्रेसर’ ही अशीच व्यवस्था आहे. कच्च्या हिऱ्याचे स्कॅनिंग करून त्याला ओळखक्रमांक दिला जातो आणि पैलू पाडल्यावर तयार हिरा मूळ खड्याशी ताडून पाहिला जातो. जी-7 देशांनी 2024 पासून रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातल्यामुळे हिऱ्याचा उगम सिद्ध करण्याची निकड सुरतच्या कारखानदारांनाही भासू लागली आहे.

परंतु वहीतील नोंद खोडता येत नाही, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. नोंद आणि खडा यांची गाठ माणसालाच घालावी लागते. खाणीतील हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हे दोन्ही कार्बनचेच स्फटिक असतात. त्यांच्यातील भेद नुसत्या भिंगाने खात्रीपूर्वक कळत नाही; त्यासाठी विशेष उपकरणे लागतात. नैसर्गिक हिऱ्याच्या अस्सल प्रमाणपत्राचा क्रमांक प्रयोगशाळेतील हिऱ्याच्या कडेवर कोरल्याचे प्रकार जीआयए या संस्थेने उघडकीस आणले आहेत. तेथे क्रमांक खरा होता, हिरा मात्र निराळा होता. खडा बदलला गेला, तर नुसती वही ते सांगू शकत नाही.

म्हणूनच कायदा वहीला नव्हे, तर विक्रेत्याला प्रश्न विचारतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्स नियमही आले. स्वतःच्या मालकीचा माल स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकाला विकणाऱ्याने त्याच्या अस्सलपणाची स्पष्ट वा गर्भित ग्वाही दिली, तर अस्सलपणाच्या वादात त्याच्यावर दायित्व येते, असे नियम 7 सांगतो. ‘ब्लॉकचेनने पडताळलेला’ हे शब्द अशी ग्वाही ठरू शकतात. सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि ती मिळाल्यापासून एक महिन्यात तिचे निवारण करावे, असेही बंधन आहे.

शिवाय नागपूरच्या त्या ग्राहकाला दाद मागण्यासाठी मुंबईस यावे लागत नाही. तो राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करू शकतो. वस्तूसाठी दिलेली रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे जाते. ‘मालच असा आला’ एवढे सांगून विक्रेत्याची सुटका होईलच असे नाही. पुरवठादाराकडून नुकसान वसूल करावयाचे झाल्यास त्याने लेखी काय दिले होते, हेच पुढे पाहिले जाईल.

त्यामुळे लहान पेढीनेही काही पथ्ये पाळावीत. माल घेताना हिरे नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, हे बिलावर लिहून घ्यावे. अंगठी पाठवण्यापूर्वी खड्याची उपकरणाने तपासणी करावी आणि प्रमाणपत्रातील वजन व मापे प्रत्यक्ष खड्याशी ताडून पाहावीत. ‘ब्लॉकचेनने पडताळलेला’ असे मोघम न लिहिता, कोणता टप्पा कोणी नोंदवला आहे, तेवढेच लिहावे. मुख्य हिऱ्याचीच नोंद असेल, तर भोवतालच्या बारीक खड्यांना ती लागू नाही, हेही सांगावे. अशा वर्णनाने एखादे गिऱ्हाईक कदाचित निघून जाईल; परंतु जे खरेदी करील, त्याच्यापुढे उद्या आपल्याच शब्दांचा खुलासा करण्याची वेळ येणार नाही.