चित्रकला आणि शंभराचा आंकडा

गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्लीसारख्या अरण्यप्रदेशांत, शाळेंत चित्रकला शिकवावी असें म्हटलें कीं आमचे सुशिक्षित बंधु एक ठराविक प्रश्न करतात : ज्या मुलांना अद्याप धड वाचतां येत नाहीं, त्यांना चित्रें कशाला हवींत? प्रश्न व्यवहारी दिसतो. परंतु तो मुळांतच उलटा आहे.

मूल अक्षर ओळखण्यापूर्वीं आकार ओळखतें. दोन आकारांतील भेद टिपणें, पाहिलेलें ध्यानांत ठेवणें, त्यावरून तर्क बांधणें, हीच वाचनाची पूर्वतयारी होय. बालवयांत मेंदूंतील जे दुवे वापरांत राहतात ते दृढ होतात व न वापरलेले गळून पडतात, हें शरीरशास्त्रच सांगतें. त्यांतून माडिया मुलाची घरची भाषा द्राविडी कुळांतली आणि शाळेची मराठी. क्रमिक पुस्तक त्याला परकें असतें; परंतु गोंदणाची नक्षी, मण्यांच्या माळेंतील रंगांचा क्रम, बांबूच्या टोपलीची वीण, हें सर्व त्यानें घरींच पाहिलेलें असतें. जी एक विद्या हें मूल बरोबर घेऊन येतें, तीच आम्ही त्याला दाराबाहेर ठेवावयास लावतों!

चित्र काढल्यानें गणिताचे गुण वाढतात, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. एलेन विनर व लोइस हेटलंड या विदुषींनीं २००० सालीं उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हां त्या दाव्यास भक्कम पुरावा मिळाला नाहीं. कलेचा लाभ निराळा आहे व तो मोजला गेला आहे. अमेरिकेंतील आर्कान्सा राज्यांत २०११ सालीं क्रिस्टल ब्रिजेस हें कलासंग्रहालय उघडलें. भेटीसाठीं शाळांचे इतके अर्ज आले कीं निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागली. त्यामुळें भेट दिलेल्या व न दिलेल्या मिळून सुमारें ११ हजार विद्यार्थ्यांची तुलना करतां आली. एकाच भेटीनंतर अनोळखी चित्राविषयीं विचारपूर्वक लिहिण्याची शक्ति पहिल्या गटांत अधिक आढळली. आणि हा लाभ खेड्यांतील व गरीब घरच्या मुलांत विशेष मोठा होता.

आतां आमचा कायदा पहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं कलेच्या अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे. परंतु पटसंख्या १०० हून अधिक असेल तरच! विरळ वस्तीच्या जंगलांत लहान शाळेनें हा आंकडा आणावा कोठून? म्हणजे जेथें लाभ सर्वांत मोठा, तेथेंच शिक्षक नाहीं. शहरांत आम्ही शालान्त परीक्षेंतील वाढीव गुणांच्या आशेनें मुलांना एलिमेंटरी व इंटरमिजिएटला बसवितों, आणि एटापल्लीच्या मुलास मात्र ‘आधीं बाराखडी’ म्हणून उपदेश करतों. याला व्यवहार म्हणत नाहींत, पंक्तिप्रपंच म्हणतात.

आमची मागणी साधी आहे. अशा तालुक्यांपुरती १०० ची अट काढावी व चारपांच शाळा मिळून एक फिरता कलाशिक्षक द्यावा. गांवांतील टोपली विणणाऱ्या कारागिरास मानधन देऊन वर्गांत बोलवावें. वैनगंगेच्या कांठचीं मार्कंड्याचीं कोरीव देवळें याच जिल्ह्यांत आहेत. वर्षांतून एकदां मुलांना तेथें नेऊन, हातीं कागद-पेन्सिल देऊन, निवांत पाहूं द्यावें. यास खर्च लागेल, नाहीं असें नाहीं. परंतु जो समाज स्वतःच्या मुलांच्या रंगपेट्यांस खर्च करतांना हिशेब मांडीत नाहीं, त्यानें एटापल्लीच्या मुलांपुढेंच वही उघडून बसावें, हें शोभत नाहीं.