पद्मिनीच्या पत्र्याला लांबी नको, शेक हवा

मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या पद्मिनी. त्यांच्या दुरुस्तीत सर्वाधिक हेळसांड होते ती पत्र्याची.

दरवाजा अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ करून आत जातो, सोडला की बाहेर येतो? मग तिथला पत्रा ताणला गेला आहे. त्यावर आणखी हातोडी चालवली, तर तो आणखी पसरतो. त्याला आकसवावे लागते. गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात. भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागीच जाड होतो. निवताना आकसतो आणि फुगवटा ओढून घेतो.

वेल्डिंगजवळचा बाक नेमका उलटा. तिथे सांधाच आकसलेला असतो. मागे डॉली धरून, सांध्यावर ठोकून तो पसरवावा लागतो.

हे न तपासता लांबी भरून मोकळे होणे ही अनेक गॅरेजांची रीत. दोष एकट्या डेंटरचा नाही. रंगासाठी सैल सुटणारा मालकाचा हात पत्र्याच्या मजुरीला आखडतो, शिवाय गाडी आठवड्यात हवी असते. लांबीच्या जाड थराला पुढे तडे जातात, पाणी शिरते, पत्रा गंजतो. मग नवा दरवाजा आणणार कुठून?

मालकांनी रंगाआधी उघड्या पत्र्याचे फोटो मागावेत. जुनी गाडी घेताना पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. ते जिथे धरत नाही, तिथे बहुधा लांबीच आहे.